नववी-दहावीचा अभ्यास : टिपणे आणि पाठ्यपुस्तक यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील राज्य मंडळाच्या शाळांत नववी-दहावीला शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक अभ्यासाच्या पद्धतीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे बालभारतीच्या पुस्तकांतील आहेत. केंद्रीय मंडळाच्या विद्यार्थ्यांना पुस्तके बदलून हीच पद्धत वापरता येईल.

सगळे पाठ्यपुस्तकात असतेच, मग टिपणे काढायची कशासाठी?

सगळे पुस्तकात असते, म्हणूनच पुस्तकातील वाक्ये वहीत उतरवून काढणे हा टिपणांचा हेतू असू शकत नाही. टिपण दोन वेळा उपयोगी पडते. लिहिताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते आणि ते ठरवण्यासाठी मजकूर समजून घेणे भाग पडते. नंतर तेच टिपण समोर ठेवून, पुस्तक मिटून, स्वतःची परीक्षा घेता येते. यांतले दुसरे काम बहुतेक वह्यांकडून कधी करून घेतलेच जात नाही. सुवाच्य अक्षरातील, दोन शायांतील टिपणे वर्षभर साठत जातात आणि पूर्वपरीक्षा तोंडावर आली की ती नुसती वाचली जातात. ज्या टिपणाकडे पाहून स्वतःला एकही प्रश्न विचारता येत नाही, ते पाठ्यपुस्तकाची छोटी प्रत ठरते, आणि मूळ प्रत तर दप्तरात आहेच.

बालभारतीने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली होती. २०२५-२६ पासून तो निर्णय मागे घेण्यात आला. कोरे पान मिळाले की टिपण आपोआप होत नाही, त्यावर काय लिहायचे हेही शिकवावे लागते, हा त्यातून घ्यायचा धडा आहे असे मला वाटते.

वर्गात शिक्षक बोलत असताना नेमके काय लिहून घ्यावे?

प्रत्येक वाक्य लिहून घेण्याचा प्रयत्न करू नये. बोलण्याचा वेग लिहिण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे मागे पडलेले वाक्य पुरे करण्याच्या नादात चालू वाक्य निसटते आणि तासाच्या शेवटी दोन्ही अर्धवट राहतात. जे पुस्तकात छापलेले आहे ते ऐकावे. जे पुस्तकात नाही ते लिहावे. शिक्षकांनी दिलेले वेगळे उदाहरण, गणितातील एखाद्या पायरीचे त्यांनी तोंडी सांगितलेले कारण, ‘इथे मुले हमखास चुकतात’ असे म्हणून दाखवलेली जागा आणि आपल्याला न समजलेला मुद्दा, एवढ्या गोष्टी वहीत आल्या तर तास सार्थकी लागला असे समजावे. न समजलेल्या मुद्द्यासमोर समासात प्रश्नचिन्ह करावे, म्हणजे शंका विचारण्याच्या वेळी ‘सर, सगळंच कळलं नाही’ असे म्हणण्याची पाळी येत नाही.

लघुरूपे स्वतःची ठरवावीत. भूमितीत ‘म्हणून’साठी ∴ आणि ‘कारण’साठी ∵ ही चिन्हे तुम्ही वापरताच, ती इतिहासाच्या वहीतही चालतात. शाळा सकाळच्या अधिवेशनात असो वा दुपारच्या, त्याच दिवशी रात्री दहा मिनिटे काढून अर्धवट शब्द पुरे करावेत. दोन दिवसांनी स्वतःचीच लघुरूपे लागत नाहीत.

शाळेत प्रश्नोत्तरांची पक्की वही तपासतात. पुन्हा वेगळी टिपणे काढायला वेळ कुठून आणायचा?

पक्की वही शाळेसाठी ठेवावी आणि ती वेळेवर पूर्ण करावी. त्या नियमाशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र कच्च्या वहीतील टिपणे घरी येऊन नव्या वहीत सुंदर अक्षरात पुन्हा उतरवण्याची जी सवय अनेक मुलांना असते, ती सोडून द्यावी. या कामात तास-दीड तास सहज जातो, अभ्यास झाल्याचे समाधान मिळते आणि डोके जवळजवळ वापरावे लागत नाही. तोच वेळ कच्च्या टिपणाच्या बाजूला प्रश्न लिहिण्यात घालवावा. त्यासाठी पुढच्या उत्तरात दिलेली पानाची आखणी सोयीची आहे.

कॉर्नेल पद्धत म्हणजे काय, आणि ती आपल्या अभ्यासक्रमाला चालते का?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या सुमारास ही पद्धत घडवली. फुलस्केप वहीच्या पानावर डावीकडे सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीचा रकाना आखावा, खाली सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची पट्टी सोडावी आणि उरलेल्या मोठ्या भागात तासाच्या वेळी टिपणे घ्यावीत. डावा रकाना आणि खालची पट्टी वर्गात कोरीच ठेवायची. घरी आल्यावर उजवीकडचे टिपण वाचून ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्न डावीकडे लिहायचा आणि संपूर्ण पानाचे सार दोन-तीन वाक्यांत खालच्या पट्टीत मांडायचे.

दहावीच्या विज्ञान भाग १ मधील ‘गुरुत्वाकर्षण’ हा पहिलाच पाठ घ्या. उजवीकडे असे टिपण असेल : ‘गुरुत्वत्वरण – ध्रुवावर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८ मी/से². पृथ्वी ध्रुवांशी चपटी, विषुववृत्ताशी फुगीर. उंच गेल्यास कमी, जमिनीखाली गेल्यासही कमी, केंद्राशी शून्य.’ आता डावीकडे ‘गुरुत्वत्वरणाचे मूल्य’ असे शीर्षक लिहिले तर त्याचा काही उपयोग नाही, कारण शीर्षकाला उत्तर द्यावे लागत नाही. त्याऐवजी लिहावे : ‘ध्रुवावर मूल्य जास्त का?’, ‘उंच गेलो तरी कमी आणि खोल गेलो तरी कमी, हे कसे?’, ‘एकाच माणसाचे वस्तुमान आणि वजन यांपैकी ध्रुवावर काय बदलेल?’ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उजवीकडे लिहिलेलेच नाही. ते दोन मुद्दे जोडून काढावे लागते. असा एखादा तरी प्रश्न प्रत्येक पानावर असावा, कारण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेतील ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रकार याच जातीचा असतो.

उजळणीच्या वेळी उजवी बाजू वहीच्या दुसऱ्या पानाने झाकावी, डावीकडचा प्रश्न वाचावा, उत्तर मोठ्याने सांगावे आणि मगच झाकण काढावे. सगळ्या पद्धतीचा जीव या झाकण्यात आहे. रकाने आखले आणि कधी झाकलेच नाहीत, तर साध्या वहीत आणि या वहीत काहीही फरक उरत नाही.

पाठ्यपुस्तकातील पाठ वाचण्याची योग्य रीत कोणती?

ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेला पाच पायऱ्यांचा क्रम आजही उपयोगी आहे : पाठ चाळणे, प्रश्न तयार करणे, वाचणे, न पाहता सांगणे आणि उजळणी करणे. आपल्या पुस्तकांना हा क्रम चांगला लागू पडतो, कारण पहिल्या दोन पायऱ्यांचे निम्मे काम पुस्तकानेच करून ठेवलेले असते.

पाठ उघडल्यावर पहिली ओळ वाचण्याऐवजी सरळ शेवटी जावे आणि स्वाध्याय वाचून काढावा. उत्तरे येणार नाहीत. ती यावीत अशी अपेक्षाही नाही. पण कोणत्या गोष्टींची चौकशी होणार आहे हे कळल्यावर वाचणारा माणूस आणि ते न कळता वाचणारा माणूस यांचे वाचन वेगळे होते. मग पाच मिनिटांत शीर्षके, आकृत्या, त्यांखालच्या ओळी आणि चौकटी पाहाव्यात. विज्ञानाच्या पुस्तकात ‘थोडे आठवा’ ही चौकट बहुतेक मुले ओलांडून पुढे जातात. मागच्या इयत्तेतले जे गृहीत धरले आहे ते तिथे विचारलेले असते. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ कळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांची खरी अडचण आदल्या पाठातील अपवर्तनात, किंवा त्याही मागे नववीच्या आरशांत आणि चिन्ह संकेतांत असते, आणि ती या चौकटीपाशी दहा मिनिटे थांबल्यावर लक्षात येते.

त्यानंतर एका वेळी एकच उपमुद्दा वाचावा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि आत्ता काय वाचले ते तीन-चार वाक्यांत स्वतःच्या शब्दांत सांगावे. सांगता आले तरच टिपण लिहावे, आणि तेही पुस्तक मिटलेले असतानाच. पुस्तक उघडे ठेवून लिहिलेले टिपण नकळत पुस्तकाच्या भाषेत जाते. सांगता आले नाही तर तोच उपमुद्दा पुन्हा वाचावा. सुरुवातीला हे फार सावकाश चालल्यासारखे वाटते आणि पहिल्या पाठाला दुप्पट वेळ लागतो, हे मान्य करूनच सुरुवात करावी.

हायलायटर वापरावा का?

वापरला तर बिघडत नाही, पण त्याला अभ्यास समजू नये. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला; त्यात मजकूर रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या दोन्ही पद्धती कमी उपयुक्त ठरल्या, तर स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे या सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. पहिल्या वाचनात हातात काहीच धरू नये. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी आणि एका परिच्छेदात एकाहून अधिक ओळ अधोरेखित करू नये. पेन्सिलीचा आणखी एक फायदा असा की पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला देता येते. अप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक घेतले असेल आणि आधीच्या मालकाने ते पिवळे करून ठेवले असेल, तर त्याच्या खुणांवर विश्वास ठेवू नये. त्याला किती गुण पडले होते हे आपल्याला माहीत नसते.

सगळ्या विषयांची टिपणे एकाच पद्धतीने काढायची का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

गणितात गद्य टिपणे फारशी लागत नाहीत. भूमितीच्या प्रमेयासाठी आकृती, पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता एवढे लिहून सिद्धतेच्या प्रत्येक पायरीसमोर कारण लिहावे. मग कारणांचा रकाना झाकून ती आठवावीत. प्रमेय पाठ करणारा विद्यार्थी आकृतीतील अक्षरे बदलली की अडखळतो, कारणे सांगू शकणारा अडखळत नाही. बीजगणितात वर्गसमीकरण अवयव पाडून, पूर्ण वर्ग करून किंवा सूत्राने सोडवता येते. तिन्ही रीती पुस्तकात आहेतच, तेव्हा टिपणात ‘कोणती रीत केव्हा घ्यायची’ एवढेच असावे. सरावसंच सोडवताना रीत कोणती हे आधीच माहीत असते, कारण तो संच त्याच रीतीखाली छापलेला असतो. पाठाच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहात रीत आपल्याला निवडावी लागते आणि परीक्षेतही तीच निवड करायची असते. म्हणून वेळ कमी असेल तेव्हा सरावसंचातील चार उदाहरणे सोडून द्यावीत, पण संकीर्ण संग्रह सोडू नये. याशिवाय चुकांसाठी एक पातळ वही ठेवावी : उदाहरण, आपण केलेली चूक आणि ती का झाली याची एक ओळ.

दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभा आहे. त्यामुळे मुद्दा, भारत आणि ब्राझील असे तीन उभे रकाने आखले की अर्धे काम होते. कर्कवृत्त भारताच्या साधारण मध्यातून जाते, तर ब्राझीलच्या उत्तर भागातून विषुववृत्त आणि दक्षिण भागातून मकरवृत्त जाते, ही एक ओळ नीट समजली की हवामान, वनस्पती आणि शेतीच्या पाठांतील कितीतरी फरक पाठ न करता सांगता येतात. कोऱ्या नकाशा-आराखड्यावर न पाहता नद्या आणि पर्वत भरणे हेच भूगोलाचे उत्तम टिपण आहे.

इतिहासाच्या पहिल्या पाठात देकार्त, व्होल्तेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी नावे ओळीने येतात आणि मुले घाबरतात. प्रत्येकासमोर त्याचा विचार एका वाक्यात लिहावा आणि दोघांत तुलना करणारा प्रश्न डावीकडे घालावा : ‘रांके मूळ कागदपत्रांवर भर देतात, व्होल्तेअर व्यापार, शेती, चालीरीती यांकडे लक्ष वेधतात, मग शेतकऱ्यांचा इतिहास लिहिताना दोघांचे काय उपयोगी पडेल?’ अशा प्रश्नाने नावे एकमेकांत मिसळत नाहीत.

भाषांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. तिच्यात अपठित उतारा, स्वमत आणि उपयोजित लेखन असल्यामुळे पाठ केलेल्या उत्तरांवर विसंबून राहता येत नाही. कुमारभारतीच्या पाठांसाठी नवे शब्द, कवितेच्या रसग्रहणाचे मुद्दे आणि पाठाविषयीचे स्वतःचे मत एवढे लिहावे. बाकीचा वेळ रोज एखादा अपरिचित उतारा वाचण्यास द्यावा.

मुलगी सेमी इंग्रजीत आहे. विज्ञानाची टिपणे कोणत्या भाषेत काढावीत?

संज्ञा, व्याख्या, एकके आणि डाव्या रकान्यातील प्रश्न पेपरच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत असावेत. समजावणी मराठीत चालेल, नव्हे, सुरुवातीला मराठीतच असावी. ‘रिफ्रॅक्शन’ची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला ‘पाण्यात ठेवलेली पेन्सिल वाकडी का दिसते ते आजीला सांग’ म्हटल्यावर सांगता आले नाही, तर तिला ती व्याख्या कळलेली नाही. मात्र आठवड्यातून एकदा दोन-तीन उत्तरे पूर्ण इंग्रजी वाक्यांत लिहावीत, अन्यथा समजलेले असूनही पेपरात वाक्य जुळवण्यात वेळ जातो.

गाइड, अपेक्षित प्रश्नसंच आणि क्लासच्या छापील नोट्स असताना स्वतःची टिपणे हवीत का?

छापील नोट्समध्ये काय महत्त्वाचे हे ठरवण्याचे कष्ट दुसऱ्याने घेतलेले असतात, आणि शिकणे त्या कष्टांतूनच होते. गाइडचा योग्य उपयोग उत्तर लिहिल्यानंतर ते ताडून पाहण्यासाठी आहे. आधी उत्तर वाचून मग लिहिले की तो उपयोग संपतो. प्रश्नसंच मात्र जरूर वापरावेत, पण घड्याळ लावून. विज्ञानाच्या प्रत्येक भागाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, तेवढ्याच वेळात तो सलग बसून लिहावा.

फळ्याचा फोटो काढून ठेवला तर? टॅबवर टिपणे घेतली तर?

बहुतेक शाळांत मोबाइलला परवानगी नसते, म्हणून हा प्रश्न प्रामुख्याने क्लासमध्ये उद्भवतो. गुंतागुंतीच्या आकृतीचा फोटो काढण्यास हरकत नाही, पण त्याच रात्री ती आकृती न पाहता वहीत काढावी. वहीत न उतरवलेल्या आकृत्यांचे फोटो गॅलरीत लग्नाच्या आणि सहलीच्या फोटोंखाली गाडले जातात. टंकलेखनापेक्षा हाताने लिहिलेली टिपणे अधिक समजतात, असा निष्कर्ष म्यूलर आणि ओपनहायमर यांनी २०१४ मध्ये काढला होता. पुढे २०१९ मध्ये तोच प्रयोग इतरांनी पुन्हा केला, तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही. त्यामुळे यावर फार वाद घालू नये. बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा आहे, एवढे कारण दहावीसाठी पुरेसे आहे.

वाचताना सगळे येते, पेपरात आठवत नाही. असे का होते?

ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्यांदा वाचलेला पाठ डोळ्यांना ओळखीचा होतो आणि आपल्याला तो येतो असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो एकदा वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री नुसते वाचून दुसऱ्या दिवशी घटक चाचणी बरी जाते आणि वार्षिक परीक्षेत तोच घटक कोरा राहतो, त्याचे कारण यात सापडते.

उजळणी किती दिवसांनी करावी?

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये, स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून, असे दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार जास्त असतो आणि नंतर मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री, दुसरी दोन-तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने आणि पुढची महिन्याने असा साधारण क्रम ठेवावा. आकडे काटेकोर पाळण्याची गरज नाही. अंतर वाढत जावे, एवढे पाहावे.

सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात मांडलेली चिठ्ठ्यांची पेटी यासाठी उत्तम आहे. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहावे. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पाहिली जाते, चुकलेली पहिल्या कप्प्यात परत येते आणि उद्या पुन्हा समोर येते. चिठ्ठ्या विकत आणू नयेत. घरात आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापली की वर्षभर पुरेल एवढा जाड कागद मिळतो, आणि बुटांचे खोके पेटी म्हणून चालते. पेठांत राहणाऱ्या मुलांना गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत ढोल-ताशांमुळे सलग वाचन जमत नाही आणि सहामाही तर फार लांब नसते. त्या दिवसांत नवा पाठ हाती घेऊ नये, चिठ्ठ्या खिशात ठेवाव्यात आणि मिळेल तेव्हा पाचदहा पाहाव्यात.

घरात जागा नाही. अभ्यासिका लावावी का?

सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिका मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात, आणि तिथे मोठ्याने बोलता येत नाही. न पाहता सांगणे हा या पद्धतीचा कणा असल्यामुळे नववी-दहावीसाठी गच्ची किंवा जिना अधिक बरा. प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायची असेल त्या दिवशी अभ्यासिका जरूर वापरावी.

आम्हां पालकांना विषय समजत नाही. अभ्यास झाला की नाही हे कसे ओळखावे?

विषय समजण्याची गरज नाही. मुलाची वही हातात घ्यावी, डाव्या रकान्यातील प्रश्न एकेक करून विचारावा आणि उजवीकडचे टिपण आपल्याकडे ठेवून उत्तर ऐकावे. डावा रकाना कोरा असेल तर अभ्यास अजून व्हायचा आहे, हे तिथेच कळते. उत्तर ऐकताना ‘म्हणजे काय?’ आणि ‘असं का होतं?’ हे दोनच प्रश्न मधूनमधून विचारावेत. तो अडला तर वही लगेच पुढे करू नये. अर्धा मिनिट थांबावे, कारण आठवण्याची धडपड चालू असते ती त्या वेळातच. तरीही आले नाही तर वही त्याच्या हाती द्यावी, त्या प्रश्नासमोर पेन्सिलीने टिंब करावे आणि दोन दिवसांनी फक्त टिंबांचे प्रश्न पुन्हा विचारावेत. या वेळी उत्तर आले की टिंब त्यालाच खोडायला सांगावे.